बिनरेषेचा हात

सुरुवात अगदी साधी हो. पोरीचा तळहात खाजत होता, म्हणून आईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. यात घाबरण्यासारखं काय? खाज काय कुणाला सुटत नाही? पण जरा पुढचं ऐका.

पोरगी दुसरीतली. नाव काहीही असो, सगळे तिला बिट्टी म्हणायचे, कारण तिचं सगळंच बारकं होतं. बाप ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घराला तोंड दाखवणारा. आई रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक म्हण तयार. "उजवा तळवा खाजतोय ना? मग पैसा येणार. खाजवून घालवू नका," म्हणाल्या. पहिले काही दिवस सगळे हसले. मग बिट्टीनं खाजवून खाजवून तळव्याची साल काढली, पाटीवर रक्ताचे डाग पडले, तेव्हा सासूबाईंचंही तोंड बंद झालं. साबण बदलून झाला, तेल चोळून झालं, गार पाण्याच्या पट्ट्या झाल्या, नखं पार मुळाशी कापून झाली. सुती हातमोजा घालून शाळेत पाठवलं, तर पोरीनं दातांनी मोजा फाडला.  बाकी सगळं सोसेल, पण लेकराचं ते "आई, काहीतरी कर ना" सोसवत नव्हतं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. भिंग घेऊन त्यांनी बोट न् बोट तपासलं.

"खरूज नाही," त्या म्हणाल्या. "खरूज बोटांच्या बेचक्यात धरते, रात्री जास्त खाजते आणि घरभर पसरते. घरात आणखी कुणाला?"

"नाही हो. आणि हिला रात्री काहीच नसतं. दिवसाच."

"बुरशी वाटत नाही. इसब म्हणावं तर पाण्याचे बारीक फोड नाहीत. लिव्हरच्या दुखण्यातही तळवे खाजतात, पण तुम्ही आणलेला हिच्या रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आहे. तुम्ही काम काय करता?"

"हातमोज्यांच्या कारखान्यात आहे. रबराच्या."

"मग तेच! रबराची ॲलर्जी. कपड्यांवरून पावडर घरी येत असणार."

आईला हायसं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं की निम्मं बरं वाटतं माणसाला. पण नाव पुरतं अंगवळणी पडायच्या आत बिट्टी खुर्चीत ताठ झाली.

"आलं..." ती म्हणाली.

"काय आलं गं? मला सांग बरं," डॉक्टरीणबाई लाडानं म्हणाल्या.

"आधी गार लागतं. कुणीतरी माझा हात कशात तरी बुडवतं... चिकट असतं. मग गरम होतं. खूप गरम." बिट्टीनं हात पोटाशी घेतला. "मग कुणीतरी कातडी ओढतं. इथून, मनगटापासून. बोटांपर्यंत सगळी. आणि मग खाजतं."

"कल्पनाशक्ती दांडगी आहे हं पोरीची," म्हणत डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं. दिवसातून दोनदा लावा, हात कोरडे पडू देऊ नका, असं काहीबाही सांगितलं. आईला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही.  गार, मग गरम, मग सोलणं. हा क्रम तिला झोपेतही पाठ होता.

कारखान्यात हातमोजे कसे होतात ते तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. एक लांबलचक चेन छताखालून फिरत असते आणि तिला चिनीमातीचे हात टांगलेले असतात, बोटं खाली. त्यांना पंजे म्हणतात. पंजे आधी रबराच्या दुधात बुडतात, मग भट्टीतून जातात आणि शेवटी बायकांसमोर येतात. बाईनं मनगटाशी कड पकडायची आणि एका ओढीत मोजा सोलून काढायचा. बिट्टीची आई सोलणीवर होती. नवीन आलेल्या बाईला पहिले दोन दिवस त्या हातांच्या रांगेची भीती वाटते. मग ती त्यांच्याकडे टोपलीतल्या भेंड्यांकडे बघावं तसं बघायला शिकते.

पावसाळ्याआधी कारखान्याला लहान मापाच्या मोज्यांची मागणी आली. इतकुसे मोजे कुणाला लागणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. खोक्यांवर नुसते आकडे, गाव नाही, नाव नाही. लहान पंजे कारखान्यात नव्हतेच. तेव्हा साच्याचे मिस्त्रीकाका म्हणाले, कुणाचं तरी पोर आणा, हाताचा ठसा घेऊ. आणि आई मोठ्या हौसेनं बिट्टीला घेऊन गेली. ओल्या प्लास्टरमध्ये उजवा हात घालताना पोरगी खिदळत होती.

त्या ठशातून काकांनी बरेच पंजे काढले आणि भाजायच्या आधी ओल्या स्पंजानं एकेका तळव्यावरच्या रेषा पुसून टाकायला घेतल्या.

"अहो, राहू द्या ना," आई म्हणाली. "किती गोड उमटल्यात."

"पद्धत नाही गं बाई. रेष असली की हात कुणाचा तरी असतो. पुसली की कुणाचाच नाही, मग खुशाल कुणीही घालावा. माझ्या वस्तादानं शिकवलंय, मला कारण विचारू नकोस."

"एका पंजावर तरी राहू द्या. कौतुक हो! दिवसभर माझ्यासमोरून जाईल, तेवढंच लेकराला बघितल्यासारखं."

काका कुरकुरले, पण आईच्या हट्टापुढं कुणाचं चाललंय? एक पंजा रेषांसकट भाजला गेला. चेन फिरून तो समोर आला की ती मोजा जरा हळूच सोलायची आणि तळव्यावरच्या त्या रेषांवरून एक बोट फिरवायची. दिवसभर, प्रत्येक फेरीला. आपणच, आपल्या हातांनी.

दवाखान्यातून ती घरी गेलीच नाही. बिट्टीला कडेवर मारून थेट कारखान्याच्या फाटकात. पहारेकरी म्हणाला, "रजा ना आज?" पण तिचा चेहरा बघून त्यानं फाटक उघडलं.

मिस्त्रीकाकांच्या खोलीत तिनं पोरीला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. काका हसतील, वेड्यात काढतील, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. काका हसले नाहीत. त्यांनी हातातला स्पंज खाली ठेवला.

"तरी सांगितलं होतं तुला..." एवढंच म्हणाले.

"काका, मी जाऊन बघते. तुम्ही हिच्याजवळ थांबा."

सोलणीवर तिच्या जागी तिची जोडीदारीण उभी होती. भट्टीच्या तोंडातून पंजे येत होते, एकामागून एक. रबराचा तो आंबूस वास, गरम वाफ, आणि चेनची कुरकुर. रोजचंच सगळं. पण आज तिला त्या रांगेकडे बघवेना. सगळे हात तिच्याकडे काहीतरी मागत आल्यासारखे वाटत होते. मोठे गेले, मधले गेले. मग लहान मापाचे यायला लागले आणि त्यांच्यात तो आला. पातळ रबराखाली रेषा दिसत होत्या.

"थांब गं... तो नको सोलू," ती म्हणाली. पण चेनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? जोडीदारणीनं सवयीनं कड पकडली आणि सर्रकन ओढली.

मागं, काकांच्या खोलीत, बिट्टी किंचाळली.

मग आई काही बघत बसली नाही. चालत्या चेनवर झेप टाकली, पंजा धरून खोबणीत गरकन फिरवला आणि उपसून काढला. सुपरवायझर ओरडला, "हात जाईल, वेडी झालीस काय?" पंजा भट्टीतून नुकताच आलेला; नुसतं बोट फिरवण्यापुरता सोसायचा, पण मुठीत धरला तर विस्तवासारखा. तिच्या बोटांना फोड आले, पण तिनं तो सोडला नाही. पदरात गुंडाळून छातीशी धरला आणि काकांच्या खोलीकडे पळाली.

"फोडून टाका, काका!"

"शुद्धीवर आहेस का?" काका कुजबुजले. "हा फुटला तर... तिच्या हाताचं काय होईल, ठाऊक आहे तुला?"

तिनं खाली बसून पोरीला मांडीवर घेतलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मग करू तरी काय? माझंच पाप आहे हे. मीच हौस केली."

"एकच आहे. जे राहिलं ते पुसायचं."

काकांनी बारीक पॉलिश पेपर घेतला, पंजा ओल्या फडक्यावर ठेवला आणि घासायला लागले. अगदी हळू. बिट्टी आईच्या मांडीवर होती. पहिल्यांदा तिनं हात ओढून घेतला. मग म्हणाली, "गुदगुल्या होतायत." मग जरा वेळानं तिचं अंग सैल पडलं.

"थांबलं, आई," ती म्हणाली. "खाज थांबली."

आईनं तिचे इतके मुके घेतले की पोरगी वैतागली. काकांनी पंजा फडक्यात बांधून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. त्यांचा चेहरा मात्र काही मोकळा झाला नाही. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "त्या पंजावरचे मोजे... बाहेर किती गेले असतील गं?"

"हजारो," ती म्हणाली. तिला वाटलं, काका उगाच काहीतरी विचारतायत.

दिवेलागणीची वेळ. रस्त्यावर कामावरून सुटलेल्यांची गर्दी होती. आईनं बिट्टीचा डावा हात धरला होता, उजवा दुखरा म्हणून. घरी गेल्यावर सासूबाईंना सांगायचं, मलमानं गुण आला म्हणून. बाकीचं कोण ऐकणार आणि कोण विश्वास ठेवणार? कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं. पोरगी तर उड्या मारत चालली होती.

मग तिच्या लक्षात आलं, की बिट्टीनं उजवा हात वर उचलून धरलाय. अंगापासून दूर, खांद्याच्याही वर, मूठ अर्धवट मिटलेली.

"हात असा का धरलायस? दुखतोय?"

"नाही. खाजत पण नाही."

"मग खाली सोड की."

"सोडत नाहीत ना ते."

"...कोण?"

बिट्टीनं मान वर करून उजवीकडे पाहिलं. मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं. "आत्ता हे आहेत. मघाशी दुसरे होते."

आईनं तो हात खसकन ओढून घेतला आणि दुकानाच्या उजेडात बोटं उलगडली. तळवा बरा झाला होता. ओरखडा नाही, साल नाही. रेषही नव्हती, एकसुद्धा नाही. बोटांच्या पेरांवरच्या वळ्या नव्हत्या. ताटलीसारखा गुळगुळीत. आणि हाताच्या पाठीवर कुणीतरी घट्ट धरल्याचे पांढरे वळ होते, मोठ्या बोटांचे.

कुणाचाच नाही, मग खुशाल कुणीही घालावा. तिला काकांचं बोलणं आठवलं.

तिनं पोरीला उचललं आणि धावत सुटली. जिना चढली, घरात शिरली. सासूबाई आतून म्हणाल्या, "आलात? काय म्हणाले डॉक्टर?" तिनं बिट्टीला छातीशी आवळून पाठीनं दार लोटलं.

"आई, थांब ना," बिट्टी तिच्या कानाशी म्हणाली. "जोरात नको लावूस. त्यांची बोटं चेमटतील."

चौकटीत काही नव्हतं. जिन्यातही कुणी नव्हतं. आंबूस वास तेवढा येत होता, रबराचा. तिनं सगळं अंग टाकून दार दाबलं, दोनदा दाबलं. फटीत काहीतरी मऊ अडकत होतं आणि दार लागत नव्हतं.