नाव घ्यायचं राहिलं

मला हे नीट आठवतंय का, याची खात्री नाही. वयाची ऐंशी उलटली की ऐकलेलं आणि मनानं रचलेलं यांची सरमिसळ होते. पण पेर्पेतुआ मावशीनं हे मला स्वतः सांगितलं होतं. फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरचं आमचं गाव. २ ऑक्टोबर १९४३, शनिवारची रात्र.

बुधवारी जपानी सैनिक येताहेत अशी बातमी आली आणि मावशी चार वर्षांच्या सालूदला उचलून, सासूसह डोंगरात पळाली. तिथल्या झोपडीत पोहोचल्यापासून सालूद बोलेना, खाईना. नुसती टक लावून बघायची.

"घर सोडताना हिला नावानं हाक मारलीस?" सासूनं विचारलं.

"आई, सैनिक वेशीवर, आणि मी हाका मारत बसू?"

"मग मुलगी आणलीस अन् तिचा जीव तिथंच ठेवलास. शहाणीच आहेस! जा, घेऊन ये. उद्याचा दिवस नाही काढायची ती."

काय म्हणालास? रिकामं घर? नाही रे, रिकामं कुठलं! सैनिक राहत होते त्यात.

अकराच्या सुमारास मावशी परसातल्या केळींत पोहोचली. वर, खांबांवरच्या घरात, कंदील होता. पहारेकरी खोकला. ती खाली दबून जेमतेम कुजबुजली, "चल बाळा, आपल्याकडे जाऊ."

नाव घ्यायचं राहिलंच.

बांबूच्या जिन्यावर पाऊल वाजलं. लहानसं. मग दुसरं... मग जिना वाजतच राहिला.

ती निघाली. अशा वेळी मागं बघायचं नसतं. चिखलात पच... पच... एकाचीच पावलं नव्हती ती.

ओढा आला. ती उतरली. मागं पाणी हललं. थांबलं. पुन्हा हललं. पुन्हा...

"सालूद?"

...

कुणीतरी तिचा झगा धरला. डावीकडून.

मग उजवीकडूनही.

पहाटे सालूद उठून बसली. "आई, भूक लागली." मावशीला रडू आवरेना. सासू मात्र झोपडीच्या शिडीकडे बघत होती. पायऱ्यांवर ओला चिखल. इवली पावलं, वेगवेगळ्या मापांची. सगळी वर चढलेली. उतरलेलं एकही नाही.

मी शिकलेला माणूस, मला पटलं नव्हतं. १९७१ साली गावच्या चर्चमधली दफनाची नोंदवही काढून बघितली. सैनिक गेल्यावर मावशीच्या घराखालच्या मातीतून पाच मुलं काढून दफन केली होती. बाहेरगावाहून आसऱ्याला आलेली असावीत. मृत्यू ३० सप्टेंबरच्या सुमारास.

नावांचा रकाना कोरा होता.