इंगवल्यांचा चालक

"हे काय भरलंय तुम्ही इंजिनात?" डॉ. निलोफर मुजावर यांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"तांब्याची तार. मिक्सरच्या जळक्या मोटरीतली," रणधीर इंगवले छाती फुगवून म्हणाले. "ठिणगीच्या वायरी केल्यात. किटमध्ये नव्हत्याच."

कोल्हापूरजवळच्या प्रतिरूप संशोधन केंद्रात, काचेच्या पेटीत, तळहातावर मावेल अशी, किटमधून जोडलेली तांबडी शर्यतीची गाडी ठेवलेली होती आणि तिच्यावरून एक निळा किरण सावकाश फिरत होता. यंत्राचं नाव सजीवक. ते खरं म्हणजे पूल आणि विमानं बांधण्याआधी तपासायला केलेलं. पण कोल्हापूरकरांच्या हाती यंत्र पडलं, की त्याची शर्यत व्हायचीच. त्यामुळे दरवर्षी इथे छोट्या गाड्यांची 'प्रतिधाव' भरायची आणि निम्मं गाव पडद्यासमोर येऊन बसायचं. डॉ. मुजावर सजीवकाच्या जन्मदात्या, तर इंगवले फाउंड्रीत जन्मभर साचे करून निवृत्त झालेले. दोघांनाही आपापल्या विषयातलं सगळं कळतं असं वाटायचं, आणि ते बरंचसं खरंही होतं.

"वायरी लावल्या आणि गाडी जास्त पळायला लागली. हे कसं?" इंगवल्यांनी विचारलं.

"सोपं आहे. सजीवक तुमची गाडी कणाकणानं मोजतो आणि तीच खऱ्या आकारात धावली तर काय होईल, ते गणितानं काढून पडद्यावर दाखवतो. जिथे तपशील नसेल तिथे तो सरासरी भरतो. किटमधलं इंजिन म्हणजे प्लास्टिकचा ठोकळा. तिथे तो सरासरी इंजिन धरतो. तुम्ही वायर केलीत, की सरासरी वायर गेली आणि तुमची आली."

"म्हणजे माझी चांगली असेल तर फायदा."

"आणि वाईट असेल तर तोटा. मागच्या चाचणीत इंधनाच्या नळीला पकड लावायची विसरलात. गाडी पेटली, आठवतंय ना?"

इंगवल्यांना ते आठवायचं नव्हतं. "आणि चालकाचा बाहुला?" त्यांनी घाईनं विषय बदलला.

"सजीवकाला बोल्ट काय नि माणूस काय, सारखेच. खांदा कुठे झुकलाय, घट्टे कुठल्या बोटाला आहेत, मान कशी वळते, यावरून तो सवयी काढतो. हजारो माणसांची मापं आहेत त्याच्याकडे. किटमधला चालक ठेवलात तर सरासरी शर्यतपटू मिळेल. वाईट नसतो तो."

भातात खडा लागावा तसा 'सरासरी' हा शब्द इंगवल्यांच्या दाताखाली आला. कुलभूषण मगदूम दरवर्षी किटमधलाच चालक ठेवायचा आणि दरवर्षी पहिला यायचा. त्याच्याच रांगेत बसायचं?

पण छोट्या गाड्या करणाऱ्यांना माणूस करायला जमत नाही, हे जगजाहीर आहे. नटबोल्ट हुबेहूब करणारे इंगवले चेहरा करायला बसले, की बटाटा व्हायचा. घरी मात्र कलाकार होती. त्यांची बायको शैलजा रुखवताच्या बाहुल्या करायची. तिचे नवरा-नवरी पाहून व्याही मंडळी मूळ नवरा-नवरीला विसरायची. फक्त ती हे काम जमिनीवर बसून करायची, कारण जेवणाच्या टेबलावर गेली कित्येक वर्षं इंगवल्यांच्या कानशी, चिमटे, डिंक आणि भिंग यांचं राज्य होतं. घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवायची आणि आमटी सोफ्यावर सांडायची.

यंदा शैलजाबाईंचे गुडघे बोलायला लागले होते, आणि त्यांच्या आधी शैलजाबाई.

"एकदाच सांगते," त्या म्हणाल्या. "यंदा जिंकलात तर टेबल जन्मभर तुमचं. हरलात तर माझं. तुमचा सगळा पसारा माळ्यावर."

माळ्यावर पंखा नव्हता, उजेड नव्हता, आणि इंगवल्यांचं उरलेलं आयुष्य त्या टेबलावरच होतं. पण मर्दानं मागे कसं हटायचं? "मंजूर," ते म्हणाले. "पण चालक तू करून द्यायचास. बारीकसारीक सगळं पाहिजे. काही म्हणून सुटता कामा नये."

"एक माणूस डोळ्यासमोर हाय माझ्या. त्याचा करू?"

इंगवले भिंगाखाली नळीची पकड वाकवत होते. "हूं," ते म्हणाले.

चालक तयार झाला, तेव्हा त्यांनी त्याचे हातमोजे आणि पट्ट्याची शिवण पाहून मान डोलावली. शिरस्त्राणाची काच खाली होती. ती उचलून बघायचं त्यांना सुचलं नाही.

प्रतिधावेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. तांबडी गाडी सुटली ती सुटलीच. वळणावर ती इतकी नेमकी वळायची, की मगदूमचा सरासरी चालक धूळ खात मागे राहिला. शेवटचा फेरा आला. अंतिम रेषा समोर दिसत होती. "नाद खुळा!" म्हणून कोणीतरी ओरडलं, आणि तेवढ्यात गाडी हळू झाली आणि थांबली.

"बिघाड!" इंगवले किंचाळले.

"नाही," डॉ. मुजावर आकडे पाहत म्हणाल्या. "गाडी ठणठणीत आहे. इंधनाच्या नळीची एक पकड केसभर तिरकी झाली आहे, इतकंच. काही फरक पडत नाही तिनं."

पण चालकाला पडत होता. तो खाली उतरला. हातमोजे काढले, शिरस्त्राण उतरवलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि जिभेचं टोक दातांत धरून इंजिनावर ओणवा झाला. मगदूमची गाडी शेजारून गेली आणि जिंकली. त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

इंगवले सावकाश बायकोकडे वळले. "शैला, हा कुणाचा केलास?"

"विचारलं की मी. तुम्ही हूं म्हणालात."

"ही फसवणूक हाय!"

"काय फसवलं? काही सुटता कामा नये म्हणालात. काय सुटलंय ते दाखवा."

इंगवल्यांनी चूक शोधायला पडद्याकडे पाहिलं. फाउंड्रीत ओझी वाहून उतरलेला डावा खांदा होता. कानामागची चामखीळ होती. अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग होता, जो ते स्वतःच विसरले होते. या घरात बारकाईनं बघणारा आपण एकटेच, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. आपल्यालाही कोणी इतकं निरखून पाहिलंय, हे कळल्यावर त्यांचा राग पार विरघळला.

"टेबल तुझं," ते म्हणाले.

"ते झालंच," शैलजाबाई म्हणाल्या.

डॉ. मुजावर मात्र अडचणीत होत्या. सगळ्या गाड्या रेषेपार गेल्याशिवाय प्रतिधाव मिटत नसे, आणि चालक आता दुसऱ्या पकडीकडे वळला होता. "बाई, हाक मारून बघता? त्याला कान केलेत ना?"

"भोकंसुद्धा सुईनं पाडल्यात," शैलजाबाई म्हणाल्या आणि माइकपाशी गेल्या. "अहो, चला की आता! जेवण गार व्हायला लागलंय!"

पडद्यावरच्या माणसानं मान वर न करता डावा हात उचलला आणि पाची बोटं पसरून दाखवली: पाच मिनिटं.

सभागृहात हशा उसळला. मग एकेक मान वळली आणि हशा दुप्पट झाला. सगळे आपल्याकडे का बघताहेत, हे इंगवल्यांना कळेना. ते पडद्याला नाक लावून ती दुसरी पकड कुठे चुकली ते शोधत होते, आणि त्यांचाही डावा हात वर होता, पाची बोटं पसरलेला.