बुजवणी

फोन तुटतो म्हणजे काय होतं, हे लोक विसरूनच गेले होते. बोलता बोलता आवाज अडकला की नेटवर्क ती फट आपणच भरून काढायचं, बोलणाऱ्याच्याच आवाजात, त्याच्याच सवयीच्या शब्दांत. याला बुजवणी म्हणायचे. रस्त्यातले खड्डे बुजवतात, तशी.

सर्वेश कुबल मात्र भर दुपारी माळ्यावर, तापलेल्या कौलांखाली घामाने निथळत होता. छपरावर तार दिसली की फोन कंपनीचे लोक कापून न्यायचे, म्हणून त्याने आपल्या रेडिओची तांब्याची तार आतूनच वाशांना बांधली होती. रेडिओलहरींना कौलांची अडचण नसते.

"आता ऐका," तो अनघाताईंवर खेकसला. शेजारच्या डॉ. अनघा प्रभुदेसाई. बुजवणी यांनीच बनवलेली. सुट्टीला गावी आल्या होत्या, आणि त्याने त्यांना जवळजवळ ओढतच शिडी चढवली होती.

खरखरीतून सर्वेशचा थोरला भाऊ बोलला, मालवाहू जहाजावरून. "...इंजिन रूममध्ये पाणी... सोमवारपासून फोन नाही... कुणाला तरी सांग. ओव्हर."

"दादा, मधलं गेलं. जागा परत सांग. ओव्हर."

त्याने जागा सांगितली.

"पण तुझी आई सकाळीच बोलली ना त्याच्याशी?" अनघाताईंचा चेहरा उतरला होता.

"कुणाशी बोलली? तुम्हीच सांगा."

"फट दोन सेकंदांची असणार, असं धरलं होतं आम्ही. माणूस आधी काय बोलला ते बघून पुढचं जुळवायचं. थांबायचं कधी, हे शिकवलंच नाही बुजवणीला. गिऱ्हाइकांना शांतता नको असते." त्या रेडिओकडे बघत राहिल्या. "ही लहर आभाळातल्या विद्युतभारित थरावर आपटून सरळ खाली येते. मध्ये कुणीच नाही. म्हणून हिच्यात फटी राहतात."

"राहू देत की. आम्ही रेडिओवाले अंदाज नाही बांधत, परत विचारतो. तेवढी लाज आहे आम्हाला. लावा फोन."

त्यांनी बचाव केंद्राला फोन लावला, स्पीकरवर, आणि जहाजात पाणी शिरल्याचं सांगितलं. थोड्या वेळाने अधिकारी परत लाइनवर आला.

"मॅडम, आत्ताच जहाजाशी बोलणं झालं," अधिकारी म्हणाला. "कॅप्टन उलट चिडले. म्हणाले, कोण अफवा पसरवतंय?"

"तो कॅप्टन नाही. बुजवणी आहे ती. मी बनवलीय." त्यांनी जागा सांगितली, दोनदा.

"बरं मॅडम. बोट निघतेय. काळजी करू नका."

अनघाताईंनी सुस्कारा सोडला. सर्वेशने नाही.

"हा तरी माणूस होता का?"

त्यांनी फोन उलटासुलटा करून बघितला. रेंजच्या काड्या स्क्रीनवरून कधीच काढून टाकल्या होत्या. लोक उगाच घाबरतात, असं मीटिंगमध्ये त्याच म्हणाल्या होत्या.

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"...सर्वेश, कुणी येतंय का? लाइफबोटीत उतरायचं की जहाजावरच थांबायचं? ओव्हर."

सर्वेशने माइक त्यांच्या हातात कोंबला.

"सांगा त्याला."