पंपघरावरची हाक

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढं जावं. पांढरी साडी, उलटे पाय, अमावस्येची रात्र असलं काही इथं मिळणार नाही. हे घडलं मागच्या वैशाखात, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर एक तलाव आहे, तिथं. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही रिकामटेकडे मोबाईल घेऊन रील काढायला जाल आणि त्या बाईचा जीव खाल.

घडलं ते रणधीरच्या बाबतीत. रणधीर माझा आत्तेभाऊ, पुण्यात इंजिनियर. जितका शिकला तितका शहाणा झाला असता, तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

तलावाच्या काठाला गावाच्या पाण्याची विहीर आहे आणि विहिरीवर पंपघर. लाईट येते दुपारी बाराला, म्हणजे येईल तेव्हा. पूर्वी तिथं स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला होता. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. माणूस विहिरीत आहे का बाहेर, हे ऑटोला काय कळणार?

सिदू पंपघराचा राखणदार होता. लाईट यायच्या आधी आत उतरून जाळीतलं शेवाळ काढायचा. एक दिवस लाईट लवकर आली आणि पाण्यात करंट उतरला.

त्याची बायको म्हाळसाबाई तेव्हा बांधावर शेरडं चारत होती. तिनं हाक ऐकली होती.

"म्हाळसे..."

मग पुन्हा एकदा.

"म्हाळसे..."

तिनं ओ दिली नाही. भर बाराला कुणी हाक मारली तर ती भुताखेताची असू शकते, म्हणून तिसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नसते, हे तिकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. ती तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली.

तिसरी आलीच नाही...

सिदूच्या जागी त्याचा थोरला, मल्हार, कामाला लागला. ऑटो काढला आणि रणधीरच्या कंपनीची पेटी बसवली. आत तळहाताएवढा लिनक्सचा बोर्ड, बॅटरीवर चालणारा. बब्रुवान नावाच्या माणसानं गावातून बटण दाबायचं, बोर्डानं सगळं तपासून 'तयार' असं उत्तर पाठवायचं, मगच मोटर सुरू. दिवसभर बोर्ड मिनिटामिनिटाला 'तयार' कळवायचा.

पण रोज दुपारी बाराच्या आसपास ते उत्तर जातच नव्हतं.

बोर्ड चालू असायचा. गावाकडून आलेला हुकूम नीट पोचायचा. उलटं काही जायचं नाही. बोर्डाच्या पडद्यावर एकच ओळ यायची : ट्रान्समिट टाइमआऊट. म्हणजे निरोप निरोप्याच्या हातात दिला, पण निरोप्या दारातून हलतच नाही. वाट बघून बघून बोर्ड कंटाळतो, नेटवर्क बंद करून पुन्हा सुरू करतो, पुन्हा तेच.

गावाला पाणी उशिरा मिळायला लागलं, तक्रारी झाल्या आणि कंपनीनं रणधीरला पाठवलं.

आला तो नाक मुरडतच. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "या लोकांना नळ उघडायची अक्कल नाही आणि यांच्या हातात लिनक्स दिलंय."

त्यानं वायर बदलली, बॅटरी बदलली, अर्थिंग तपासलं. पेटी तापते म्हणून वर ओलं पोतं टाकलं. शेवटी आख्खा बोर्ड बदलला. नव्या बोर्डावरही दुपारी तीच ओळ.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. मल्हार एक दिवस लोहाऱ्याला गेला होता म्हणून उशिरा विहिरीत उतरला. त्या दिवशी बोर्डही उशिरा अडकला. मल्हारचा पाय शिडीवर पडला आणि ओळ आली. मल्हार वर आला...

आणि अडकलेलं 'तयार' निघून गेलं.

"शिडी हलते म्हणून वायर हलत असेल," रणधीर म्हणाला. शिडी आणि वायर समोरासमोरच्या भिंतींना होत्या. पण ज्याला सगळं कळतं त्याला भिंती कशाला दिसतील!

म्हाळसाबाई पंपघराच्या सावलीला बसलेली असायची. ती म्हणाली, "सायेब, त्यो बिघाड न्हाय. पोरगं आत असलं की त्यो 'तयार' म्हनूच देत न्हाय."

"कोण तो?"

"मल्हारचा बा."

रणधीर फिदीफिदी हसला. "मावशी, तुमच्या नवऱ्याला नेटवर्क ड्रायव्हर कळतो होय? मग पुण्यात नोकरी लावून देतो त्याला."

मेलेल्या माणसाच्या बायकोला असं बोलला. ती पदर तोंडाला लावून शेरडांकडं निघून गेली. मला हे त्यानंच नंतर सांगितलं, तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बिघाड काही सापडेना. तेव्हा त्यानं असले हुशार लोक करतात तेच केलं. गावातल्या, बब्रुवानच्या बटणाच्या मशीनमधली अटच काढून टाकली. 'तयार' आलं नाही तरी चालेल, बटण दाबलं की मोटर सुरू. लाखाची पेटी बसवून पठ्ठ्यानं पुन्हा ऑटोच बसवला होता. आणि ते कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन पंपघरात बसला. लाईट यायला अजून वेळ होता. मल्हार टॉर्च दातात धरून शिडीनं खाली उतरला.

पडद्यावर ओळ आली. ट्रान्समिट टाइमआऊट.

"ये, ये," रणधीर म्हणाला, "आता तुला विचारतंय कोण!"

तेवढ्यात बाहेरच्या शेरडांचं ओरडणं थांबलं. झाडावरचे होलेही गप्प झाले. तलावाचं पाणी काठाला लागतं, त्याचा आवाजसुद्धा येईना...

"सायेब..."

आवाज विहिरीतून आला. जाड, दमलेला.

रणधीरनं मान वर केली नाही. कुणीतरी खेडूत काहीतरी मागत असेल, त्याला काय ओ द्यायची!

"सायेब..."

या वेळी आवाज जवळून आला. पाठीमागून आल्यासारखा.

त्यानं कानात हेडफोन घातले.

म्हणून पुढची हाक त्याला ऐकू आली नाही. त्याला दिसली ती म्हाळसाबाई. पंपघरापासून लांब, बांधावर उभी होती. एकदम ताठ झाली. आणि हेडफोनमधूनही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं ओरडली.

"ओऽऽऽ!"

पहिल्याच हाकेला.

ती धावत आली, पदर कुठं, चप्पल कुठं. रणधीरला बाजूला ढकलून तिनं मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला आणि त्याला लोंबकळून राहिली.

रणधीर हेडफोन काढून तिच्यावर खेकसला, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

वाक्य पुरं झालं नाही... तलावाच्या काठच्या सगळ्या शेतांतल्या मोटारी एकदम घरघरल्या.

लाईट आली होती. वेळेच्या आधी.

लॅपटॉपवर गावाकडचा हुकूम येऊन पडला. मोटर सुरू. तिकडं बब्रुवाननं बटण दाबलं होतं, त्याची काय चूक? 'तयार' गेलेलंच नव्हतं, ते अजून अडकून होतं. पण आता त्याच्यासाठी थांबणारं कुणी नव्हतं. मल्हार आणि करंट यांच्या मध्ये होता फक्त तो दांडा.

"मल्हारी, वर ये रं! वर ये!" ती रडत हाका मारत होती.

मल्हार वर आला. कमरेपर्यंत भिजलेला, टॉर्च अजून दातात. ती हातात घेऊन म्हणाला, "काय झालं, आये?"

"तू हाक मारली व्हय मला?"

"म्या? तोंडात ही असताना कशी मारू? खाली तर काईच आवाज न्हाय आला."

पडद्यावरची ओळ गेली. अडकलेलं 'तयार' निघून गेलं.

म्हाळसाबाईनं विहिरीत वाकून बघितलं. मग रणधीरकडं वळली. "तुमालाबी मारली व्हती ना हाक? आदी?"

"नाही," रणधीर म्हणाला.

खोटं बोलला. तेवढं त्याला अजून जमत होतं.

त्यानं ती अट त्याच दिवशी परत घातली. पासवर्ड दोनदा चुकला. कंपनीला कळवलं, बिघाड आढळला नाही. अजूनही मल्हार विहिरीत असला की 'तयार' जात नाही. आता गावातलं कुणी तक्रार करत नाही. पाणी उशिरा आलं तर येऊ दे म्हणतात.

आणि आमचा हुशार?

तिसरी हाक त्याला ऐकू आलेली नाही. ती राहिलीच आहे, हे त्याच्या डोक्यातून जात नाही. ऑफिसात कुणी नुसतं खाकरलं तरी दचकून उठतो, लोक हसतात.

परवा रविवारी तो आमच्याकडं जेवायला आला होता. दुपारची वेळ, बाहेर रखरखीत ऊन. मी त्याला वाढत होतो. बायको आत पोळ्या लाटत होती, घरात चौथं कुणी नव्हतं.

घास तोंडाशी नेता नेता तो थांबला. रंग उडाला. ताट सारून ताडकन उभा राहिला आणि मोरीच्या दाराकडं तोंड करून ओरडला,

"ओ!"

आम्हा दोघांपैकी कुणीही त्याला हाक मारली नव्हती.