नाकातलं हसू

माझी मावसबहीण सुनेत्रा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. उलट असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना ती तोंडावर वेड्यात काढते. म्हणूनच तिने हे सांगितलं, तेव्हा मला खोटं वाटलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीच्या जवळ, इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातलं एक छोटं गाव आहे. तिथल्या जुन्या लाकडी हॉलमध्ये काही हौशी मंडळी फ्रेंच नाटक करतात. सगळी सत्तरीपुढची. कॅनडातून गिरणीकामाला आलेल्या फ्रेंच कामगारांची नातवंडं.

सुनेत्रा पुण्यात फ्रेंच शिकवायची. इथे अमेरिकेत नवऱ्यामुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर, नोकरीविना घरी बसून कंटाळली, म्हणून नाटकात शिरली.

पहिल्याच तालमीनंतर नवऱ्याला म्हणाली, "प्रसन्न, यांचं फ्रेंच ऐकवत नाही रे. घास तोंडात कोंबून बोलतात जणू. आणि ती लुसील! म्हणे आजीकडून शिकले. काय शिकवलं त्या आजीने, देव जाणे!"

"मग सोड ना यार."

"सोडू कशाला? निदान एक तरी माणूस नीट बोलेल."

पुढच्या शनिवारी भर दुपारी तालीम चालू होती. लुसील एका शब्दाला अडखळली.

आणि मागच्या खुर्च्यांतून आवाज आला...

"हुं!"

नाकातलं, तुच्छ हसू.

सुनेत्राने पाहिलं. खुर्च्या रिकाम्या.

बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

तिला भीती नाही वाटली. गंमत वाटली. कारण ते हसू अगदी नेमक्या जागी यायचं. कुणाचा उच्चार चुकला... हुं. लुसीलने वाक्य चावलं... हुं. सुनेत्रा बोलली की मात्र चिडीचूप.

चला, कुणाला तरी भाषा कळते! ती त्या आवाजाची वाट बघू लागली.

दर तालमीला तो एकेक रांग पुढे येत होता...

मग स्टेजवर आला.

मग तिच्या खांद्यामागे.

प्रयोग रविवारी दुपारी होता. हॉल भरलेला. लुसीलचं हे शेवटचं नाटक, म्हणून तिची नात शिकागोहून आली होती.

आणि ऐन रंगात आलेल्या प्रवेशात लुसील शब्द विसरली.

हॉल शांत. सुनेत्रा मागच्या आवाजाची वाट बघत राहिली.

मागून काहीच आलं नाही...

"हुं!"

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. सगळे सुनेत्राकडेच बघत होते.

आवाज तिच्या नाकातून आला होता. तिने तो काढला नव्हता.

लुसील मटकन खाली बसली. पडदा पाडावा लागला.

दोन दिवसांनी सुनेत्रा माफी मागायला तिच्या घरी गेली. म्हातारीने दार उघडलं. रडून डोळे सुजलेले.

"लुसील, आय ॲम सो सॉरी..." सुनेत्रा म्हणाली.

आणि लगेच...

"हुं!"

लुसीलने दार लावून घेतलं.

सुनेत्राने नाटक सोडलं. फ्रेंच सोडलं. वाटलं, सुटले.

मग एका संध्याकाळी तिचा आठ वर्षांचा मुलगा कुश वर त्याच्या खोलीत पुण्याच्या आजीशी फोनवर बोलत होता. अडखळत, मोडक्यातोडक्या मराठीत. सुनेत्रा खाली पोळ्या लाटत होती.

कुश रडत खाली आला.

"आई, तू माझ्या रूममध्ये येऊन का हसतेस? स्टॉप लाफिंग ॲट मी!"

त्या दिवसापासून कुश मराठी बोलत नाही.

नाताळात ती आमच्या गावी, कॅरीला, राहायला यायचं म्हणतेय. माझी लेक रुही सध्या मराठी शिकतेय, खूप चुकते...

मी अजून हो म्हटलेलं नाही.