पाळण्याच्या कठड्यावरचा हात

मी घडीचं फर्निचर बनवतो. लहान घरांसाठी, सेन्सर लावलेलं, मोबाइलवरून उघड-मीट होणारं. माझं फर्निचर माझ्याहून शहाणं आहे, असं ताई चेष्टेने म्हणायची. तिच्या घरातला भिंतीत मिटणारा पलंगही माझाच. त्यावर वजन असेल तर तो मिटत नाही, माणूस आत चेंगरू नये म्हणून.

ताईच्या सासूबाई त्याच पलंगावर गेल्या. नातवंडाला हातात घेतल्याशिवाय जायची नाही, म्हणायच्या. पण बाळ व्हायच्या आधीच गेल्या. तेव्हापासून पलंग मिटेना. पाळणा लावायला जागा तेवढीच होती, म्हणून ताईने मला बोलावलं.

दुपार होती, भावोजी कामावर गेले होते. पलंग रिकामा, गादीसुद्धा काढलेली. तरी मोबाइलवर एकच उत्तर यायचं: वजन आहे. तारा तपासल्या, सेन्सर बदलला. पुन्हा तेच. शेवटी वैतागून आमच्या धंद्यात जे कधीच करायचं नसतं ते केलं, सेन्सरच काढून टाकला. पलंग कुरकुरत मिटला, अगदी सावकाश, ओझं उचलल्यासारखा. खोलीत सासूबाईंच्या मालिशच्या तेलाचा वास पसरला.

मोकळ्या जागेत पाळणा मांडला. बाळ रडलं की तो आपोआप झुलतो. कठड्यावर कुणी हात ठेवला की थांबतो आणि दिवा लागतो. बाळ जेमतेम महिन्याचं, अजून मानही न धरलेलं. ताईने त्याला आत ठेवलं आणि आम्ही दोघं मागे सरलो. बाळ रडू लागलं. पाळणा हलला नाही. कठड्यावरचा दिवा लागलेला होता.

“हात कुणाचा आहे...?” ताईने हळूच विचारलं.

बिघाड असेल, असं म्हणत मी मोबाइल काढला. बाळ एकाएकी गप्प झालं आणि कठड्याच्या वर टक लावून बघू लागलं.

“तू त्यांना पलंगावरून उठवलंस,” ताई म्हणाली.

तिने झटकन बाळाला उचललं आणि दिवा विझला. माझा जीव भांड्यात पडला. कधी एकदा दोघांना घेऊन बाहेर पडतो, असं मला झालं होतं. मी दार उघडलं, तिला चल म्हटलं. ती जागची हलेना.

“अरे, इकडे बघ...”

तिचे दोन्ही हात बाळाच्या कमरेखाली होते. बाळाचं डोकं तिच्या खांद्याला लागलेलं नव्हतं. ते सरळ होतं, जरासं मागे टेकलेलं, आणि मानेवरचं जावळ चार बोटांखाली दाबल्यासारखं चपटं झालं होतं.