दाराची जागा

भिंतीवरची काजळी जमिनीपासून एकशे बेचाळीस सेंटिमीटरवर सुरू होत होती. खाली दगड आपल्या मूळच्या राखाडी रंगाचा, वर पार आढ्यापर्यंत काळा. मधली रेघ इतकी सरळ, की कुणी दोरी धरून मारली असावी. तिने पुन्हा मोजलं. एकशे बेचाळीसच.

"तिथे आत कुणी जात नाही."

ती दचकली. टेपचं टोक सुटलं आणि पट्टी तिच्या बोटाला चाटून सर्रकन डबीत शिरली. दारात एक उंच माणूस उभा होता, हातात दुधाची रिकामी बादली.

"लागलं?"

"थोडं. दुसरं टोक धरायला माणूस नसला की असंच होतं."

"मग माणूस आणायचा ना बरोबर."

"आमच्या ऑफिसात घरांचे नकाशे पुष्कळ, माणसं कमी. जुने गोठे मोजायला आलेय. तळ्याजवळचे गोठे ते हेच ना?"

"ते पुढचं शेत. ही आमची गवताची वखार… होती." तो जरा थांबला. "म्हणजे तुम्ही चुकून आलात."

"रस्ता चुकला. मापं बरोबर आहेत."

त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू म्हणण्याइतकं ते मोठं नव्हतं. बादली खाली ठेवून त्याने टेपच्या टोकासाठी हात पुढे केला. पाऊल मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवलं. तो टोक धरून दारात उभा राही आणि ती आत चालत जाई. तिच्या वहीतली त्या दिवशीची सगळी मापं उंबऱ्यापासूनची होती.

वखारीपलीकडे एक पत्र्याची खोली होती. तिथून त्याच्या आईने हाक मारली.

"घरं काढता का हो तुम्ही?"

"कागदावर."

"मग आमचं काढा. वखारीला लागून घर होतं, तेही आगीत गेलं. तेव्हापासून तीन वर्षं हा उद्या बांधतोय. उद्याराव नाव ठेवलंय मी याचं."

"आई…"

"खोटं आहे का?" म्हातारी हसली, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ थांबला नाही. भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो होता. तोही उंच, या माणसासारखाच. 

मग दर शनिवारी ती येऊ लागली. फोनवर विचारता येण्याजोग्या गोष्टी विचारायला. हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघंही तसं दाखवत नव्हते.

घर तिने गोठ्यांवरूनच काढलं. लांबलचक, अरुंद, वर साधं दुपाखी पत्र्याचं छप्पर. गवताला वारा लागावा म्हणून वखारीच्या भिंतीत उभ्या फटी असत. तशाच फटींना काचा लावून तिने त्याच्या आईच्या खोलीत सकाळचं ऊन आणलं. सरकतं दार वखारीसारखं, बैलगाडी आत जाईल एवढं.

"हे घर आहे की गोठा?" नकाशा पाहून तो म्हणाला.

"गोठाच. फक्त गाईंच्या जागी तुम्ही."

"गाई तक्रार करत नाहीत."

"तुम्ही तरी कुठे करता? एकदा करून बघा. मी एवढ्या लांबून येते, निदान भांडण तरी घेऊन जाईन."

"मग पुन्हा याल ना?"

तो हे इतक्या हळू म्हणाला, की तिला पेन्सिलीला टोक काढावं लागलं. टोक आधीच होतं.

"दार तेवढं सांगा," ती खाली बघत म्हणाली. "वखारीकडे तोंड करून, की पाठ करून?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. काळी वखार समोरच होती.

"उद्या सांगतो."

नऊ नकाशे झाले. नवव्यातही भिंती होत्या, खिडक्या होत्या, दार नव्हतं.

दहाव्या शनिवारी धुकं होतं. खोलीतली आईची खाट रिकामी होती, वर घडी घातलेलं पांघरूण.

"मामा घेऊन गेला. शहरात," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, या पत्र्याखाली आणखी एक हिवाळा काढला तर फुप्फुसं साथ देणार नाहीत. जाताना म्हणाली, दार ठरलं की कळव."  "रागावली असती तर बरं झालं असतं."

तिच्या पिशवीत एक पत्र होतं. दूरच्या शहरात दोन वर्षांचं काम. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. ते सांगायचं म्हणूनच ती आली होती, आणि तिने सांगितलं.

 मग खिळ्याला टांगलेली लोखंडी सळई काढून त्याने तिच्या हातात दिली. छातीपर्यंत येईल एवढी लांब, एका टोकाला गंज.

"गवत ओलसर रचलं की आतून तापतं. तुम्हाला माहीत असेल."

"हो. आधी वाफ येते. मग पेटतं."

"ही आत खुपसायची, थोड्या वेळाने काढायची आणि मुठीत धरायची. धरवली नाही, तर गंजी लगेच फोडायची. त्या दिवशी मला धरवली नाही." त्याने आपला तळवा पाहिला. "धाकटा म्हणाला, दादा, आत्ताच फोडू. मी दमलो होतो. म्हटलं, उद्या बघू. पहाटे गंजी पेटली, आणि तो आत बांधलेली वासरं सोडवायला गेला. वासरं बाहेर आली."

बाहेर एक गाय हंबरली आणि गप्प झाली.

"ती काळी रेघ मोजलीत तुम्ही. तो वाकून चालला असता, तर…?"

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणंही सोपं होतं. तिला दोन्ही करता येईना.

"मला माहीत नाही. धूर शेवटी कुठवर उतरला, ते रेघ सांगते. कधी उतरला, ते सांगत नाही."

त्याने मान हलवली. तीन वर्षं सगळे त्याला 'तुझा दोष नाही' म्हणत आले होते. हे पहिलंच उत्तर त्याने ऐकून घेतलं.

"निघते मी," ती म्हणाली. "नकाशा ठेवून जाते. दार काय, कुणीही काढून देईल."

"तेवढं उद्या…" तो म्हणाला, आणि तो शब्द त्याच्या तोंडातच थिजला.

ती अंगणात पोचली, तेव्हा मागून पावलं आली. तिच्या पिशवीतून टेपचं टोक ओढून घेत तो पुढे गेला. वखारीच्या उंबऱ्याशी थांबला. डबी तिच्या मुठीत होती. पट्टी ताणली गेली, किंचित थरथरली.

मग तो आत गेला.

पट्टी उलगडत राहिली. तीन मीटर, चार, सहा. धुक्यातून आणि काळोख्या दारातून तिला फक्त त्याचा पांढरा सदरा दिसत होता. तो त्या भिंतीपाशी पोचला आणि त्याने हात रेघेवर टेकवला. त्याचे खांदे हलत होते. तिने पट्टी ओढली नाही, सैलही सोडली नाही. तिकडून एक हलका हिसका आला. तिने तसाच परत दिला.

"ऐकू येतंय का?" आतून आवाज आला.

"येतंय."

"दार तिथे काढा. तुम्ही उभ्या आहात तिथे. वखारीकडे तोंड करून. रोज उघडलं की ही दिसू दे."

"बरं." तिने टाचेने तिथल्या मातीत रेघ ओढली.

"आईला आत्ताच फोन करतो. आणि…" पट्टी पुन्हा थरथरली. "आणि तुम्ही जाऊ नका. उद्या नाही, आज सांगतोय. माझ्याबरोबर त्या घरात राहा."